साडेतीनशेची रेघ

१ ऑक्टोबर, मंगळवार

सीका हा सूर नेमका कुठे असतो? मला सांगता येत नाही. चार वर्षं कैरोच्या संगीत संस्थेत काढली. घरातली पहिली पदवी माझी, ती बाबांनी दुकानात सरसाच्या डब्याच्या वर काच लावून टांगली आहे — आणि एका सुराची जागा विचारली तर मी गप्प!

पुस्तकात सोपं आहे. रास्त हा पायाचा सूर, म्हणजे शून्य; पुढचं अंतर सेंटमध्ये मोजायचं. तिथून कोमल गंधार तीनशेवर, शुद्ध गंधार चारशेवर. सीका दोघांच्या मधला, म्हणून साडेतीनशे. परीक्षेत हेच लिहिलं आणि पैकीच्या पैकी मिळाले.

आज ध्वनी प्रयोगशाळेत, जिथे मी आता साहाय्यक आहे, माझा पॅच पूर्ण झाला. संगणकावर चौकटी मांडायच्या आणि एकीतून दुसरीत दोऱ्या ओढायच्या. एका टोकाला माइक, मध्ये कंपनं मोजणारी चौकट, दुसऱ्या टोकाला पडद्यावर हिरवी रेघ. सूर हलला की रेघ हलते. पुस्तकातल्या जागी पांढऱ्या आडव्या रेघा. सीकाची पांढरी रेघ ज्या चौकटीतून येते तिच्यात मी आकडा टाकला — ३५०.

मग बाबांनी घडवलेला कानून माइकसमोर ठेवला, मांडीवर घेऊन छेडायचं अठ्ठ्याहत्तर तारांचं वाद्य. सीकाची तार छेडली. हिरवी रेघ पांढरीच्या खाली येऊन बसली. ३३८. पुन्हा छेडली. ३३८.

३ ऑक्टोबर, गुरुवार

एप्रिलमधली ती सकाळ लिहून ठेवते. विसरेन अशी भीती नाही, तरी.

सरकारी शाळांसाठी बारा कानून हवे होते. बाबांनी हिवाळाभर खपून केले. पसंत करणाऱ्या समितीचे प्रमुख डॉक्टर लबीब. माझेच गुरुजी. दुकानात आले, खिशातून फोन काढून वाद्यावर ठेवला, तार छेडली. "बारा खाली." दुसरा कानून. "हाही बारा खाली." बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एकदा डोळे मिटून ऐका." तर हे म्हणतात, "उस्ता झकी, डोळे मिटायचे दिवस तुमचे आलेत. कान गेलाय तुमचा."

शेजारचे दुकानदार दारात उभे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. चहा मीच केला होता, त्यांना लागतो तसा, दोन चमचे साखर आणि पुदिना.

आमच्या मोहम्मद अली रस्त्यावर बातमी चहा निवायच्या आत फिरते. संध्याकाळी समोरचा आतिफ खुर्ची घेऊन आला. "उस्ता, एवढी दुरुस्त करा. बसलं की बेसूर करकरते." सगळे हसले. बाबाही हसले. खुर्ची दुरुस्तही करून दिली!

तेव्हापासून कानूनचं एकही काम आलेलं नाही.

फेडणार आहे मी. कसं ते ठाऊक नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. आईने मुलुखियाची पातळ पालेभाजी केली. लसणाची फोडणी पातेल्यात ओतताना ती नेहमीसारखी जोरात श्वास आत ओढते, त्याशिवाय भाजीला चव येत नाही म्हणे. मी लॅपटॉपचा माइक धरला. पडद्यावर काळ्या आभाळात धूळ उडावी तसं चित्र उमटलं. आईला दाखवलं.

"हे मी?"

"तूच."

"एवढं शिकवलं ते माझे उसासे मोजायला?" मग डोक्यावरची ओढणी सावरून पुन्हा बघितलं. "बरं दिसतंय पण."

जेवल्यावर कपाटातल्या जुन्या कॅसेट काढल्या. एकीवर बाबांच्या अक्षरात — लबीब, व्हायोलिन, दुकानात. तीस वर्षांपूर्वीची! "तेव्हा रोज यायचा," बाबा म्हणाले. "तिथेच बसायचा, कानूनवर ताणायचं माशांचं कातडं वाळत टाकतो त्या फळीखाली. वासाची तक्रार करायचा आणि तरी यायचा."

८ ऑक्टोबर, मंगळवार

३३९.

डॉक्टर लबीबांचा पंचविशीतला सीका. एकोणीस वेळा आलाय त्या कॅसेटवर, मी सगळे मोजले. ३३७ ते ३४१. बाबांच्या जागेवर!

दिवसभर हसू आवरत नव्हतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आलेख छापून डॉक्टर लबीबांकडे गेले. सरळ मनाने गेले, हे इथे लिहून ठेवते. वाटलं होतं, पुरावा समोर ठेवला की माणूस म्हणेल, चुकलं माझं. मी तशीच आहे, बावळट.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "कॅसेट ताणली जाते, बाळ."

मी म्हटलं, "ताणली तर सगळेच सूर सरकतील, डॉक्टरसाहेब. एकटा सीका कसा सरकेल?"

मग कागद घडी करून मला परत दिला. "तुझे वडील मुळात सुतारच ना? सुताराने लाकडाचं बघावं." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "ते रेघांचं चित्र मात्र छान करतेस. सात तारखेला माझा कार्यक्रम आहे, मागे मोठ्या पडद्यावर लाव. शुद्ध सूर म्हणजे काय ते लोकांना दिसू दे."

१४ ऑक्टोबर, सोमवार

सुताराने लाकडाचं बघावं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली तालीम. डॉक्टरांच्या व्हायोलिनला चिमट्याचा माइक लावला, त्याची दोरी पॅचमध्ये. मोठा पडदा त्यांच्या मागे, म्हणून पायाशी एक छोटा पडदा मागून घेतला त्यांनी. साथीला कानूनवर रग्दा. माझ्याच वर्गातली, आता पदव्युत्तरला आहे. तिचा कानून बाबांनी घडवलेला. डॉक्टरांनी हुकूम सोडला म्हणून तिने बाबांकडूनच त्याच्या, सूर किंचित चढवायच्या-उतरवायच्या पितळी खिट्ट्या साडेतीनशेवर बसवून घेतल्या. बाबांनी त्याही बसवून दिल्या.

आता जे दिसलं ते. डॉक्टरांचं बोट तारेवर पडतं ते ३४०ला. दर वेळी! मग नजर छोट्या पडद्यावर जाते, हिरवी रेघ खाली दिसते, आणि बोट सरकत सरकत ३५०ला जातं. हात अजून आमच्या दुकानातलाच आहे. डोळ्यांचा मात्र हातावर विश्वास नाही.

रग्दाला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या पडद्यासमोर वाजवायचं म्हणजे सासूसमोर भात करायचा. चांगला झाला तरी माणूस झाकण उघडून उघडून बघतो."

मी हसले नाही. माझ्या डोक्यात काहीतरी आलं होतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

एक आकडा. फक्त एक.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

नको. मी असं करणारी नाही. मोजमाप खोटं करायचं तर मी आणि ते सारखेच. ध्वनी प्रयोगशाळेत नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी काय सांगते? यंत्राला आपल्या मनातलं सांगू नका, त्याचं ऐका.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटची तालीम. जाताना डॉक्टर म्हणाले, "वडिलांना आण परवा. पुढे बसव, ऐकू येत नसलं तरी दिसेल त्यांना."

रग्दाने मान खाली घातली. एकदोघे हसले.

घरी येऊन बाबांना एवढंच सांगितलं की कार्यक्रमाला यायची गरज नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

३६८ टाकला. पांढरी रेघ केसभर वर गेली. कोणाला कळणार नाही.

जतन केलं आणि सभागृहात माइक लावायला गेले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सविस्तर लिहिते.

सभागृह भरलेलं. मागच्या रांगांत जुने कानसेन, ज्यांच्या "अल्ला, अल्ला" अशा दादेशिवाय कार्यक्रमाला रंग चढत नाही. डॉक्टरांनी आधी भाषण केलं: कान फसवतो, आकडा फसवत नाही. मग त्याच सुरावरचा रास्त राग सुरू केला.

पहिला सीका. बोट ३४०ला पडलं, गोड! मागून अर्धी "अल्ला" आलीसुद्धा. तेवढ्यात त्यांनी छोट्या पडद्याकडे पाहिलं आणि बोट चढू लागलं. ३५०. तिथे थांबायला हवं होतं, त्यांच्याच कानाने थांबवायला हवं होतं. नाही थांबलं. ३६८. हिरवी रेघ पांढरीवर नेमकी बसली आणि त्यांचा चेहरा समाधानाने फुलला.

रग्दाचा कानून त्यांच्या खाली. दोन सूर एकमेकांना घासू लागले, दातात वाळू यावी तसे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. मागून दाद बंद. मग एक म्हातारा आवाज, अगदी प्रेमळ, "डॉक्टर, एवढ्या वरून कैरो छान दिसत असेल!"

सभागृह फुटलं.

मी पडद्यामागे उभी. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पोटभर जेवल्यासारखं.

मग त्यांनी गज खाली केला आणि रग्दाकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "पडदा बघा. माझा सूर रेघेवर आहे. हे वाद्य उतरलंय. कुठून आणलंस हे? मोहम्मद अली रस्त्यावरून ना? मग झालं!" रग्दाने खिट्ट्या चढवल्या. घाईत एक खिट्टी हातातच आली. मग ती उठून आत गेली. माझ्या शेजारून गेली. मी "रग्दा" म्हटलं, तिने बघितलं नाही.

हे मी मोजलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांचा लेखी शेरा फलकावर लागला. रग्दाची प्रात्यक्षिक परीक्षा नापास: बेसूर साथ. आणि खाली: उस्ता झकी यांच्या दुकानातली वाद्यं यापुढे संस्थेत आणू नयेत.

लोक हसले डॉक्टरांना, पण शेरा बाबांवर बसला. मीच बसवला म्हणायचा.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

रग्दा कानून घेऊन दुकानात आली. माझ्याशी बोलली नाही, बाबांशीच. "काका, खरं सांगा. माझं काय चुकलं?"

बाबांनी तुटलेली खिट्टी बसवली, तिने चढवलेल्या परत खाली पाडल्या, तार छेडली, डोळे मिटले. "काही नाही चुकलं. सांगितलं होतं तिथेच आहे."

"मग सगळे का हसले?"

तिच्या फोनवर कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं. बाबांनी फोन कानाला लावून ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. माशाच्या कातड्याला सरस लावायचा ब्रश हातातच राहिला, थेंब पायावर पडला तरी.

"लबीबचं बोट बरोबर पडलंय," ते म्हणाले. "दर वेळी. मग कोणीतरी त्याला वर ओढतंय." आणि माझ्याकडे बघून, "पडद्यावर काय होतं गं?"

मी म्हटलं, "रेघा."

"हं," म्हणाले आणि कातडं ताणायला लागले. रग्दा माझ्याकडे बघतच राहिली. ती मूर्ख नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना आई म्हणाली, "काय झालंय दोघांना? घरात मयत झाल्यासारखे बसलात." बाबा म्हणाले, "मुलगी थकलीय."

रागावले असते तर बरं झालं असतं. एप्रिलमध्येही रागावले नव्हते. कोणाचं काहीही फेडायचं नाही असं या माणसाने केव्हा ठरवलं, आणि माझ्यात हे कुठून आलं?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पॅच दर कार्यक्रमाची मोजणी साठवतो. आज उघडून पाहिली. सगळं आहे त्यात. बोट कुठे पडलं, कुठे गेलं, किती वेळ लागला. एकतीस सीका. एकतीस वेळा ३४०च्या आसपास पडलं, एकतीस वेळा चढलं. पांढरी रेघ खोटी होती, हिरवी खरी. तिला मी काही शिकवलं नव्हतं.

आकडा मी बदलला हे सांगितल्याशिवाय ही मोजणी दाखवता येत नाही. आणि ते सांगितलं की साहाय्यकाची जागा गेली. जूनमध्ये कायम होणार होते.

रग्दाकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला आधी विचारायचं होतंस." मग जरा वेळाने, "मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारायचं होतंस."

चहा विचारला नाही तिने. बरोबर आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दहाला संचालकांच्या खोलीत मोजणी पडद्यावर लावली. डॉक्टर समोर होते. पहिल्याच वाक्यात सांगितलं: ३५०च्या जागी ३६८ मी टाकला, मुद्दाम. राजीनामा सोबत नेला होता, तो टेबलावर ठेवला. मग हिरवी रेघ चालू केली. एकतीस वेळा ३४०ला पडणारी, एकतीस वेळा डोळ्यांमागोमाग चढणारी. खोलीत कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. रग्दाचा निकाल आणि बाबांवरचा शेरा दुपारी मागे घेतला. राजीनामा सकाळीच घेतला.

आई म्हणते, मैत्रिणीसाठी केलंस, देव बघतो. मी नाही म्हटलं नाही. इथे खरं लिहिते — आपलाच बरोबर कान आपण खोटा ठरवला हे दाखवणारी ती रेघ बघताना लबीबांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. नोकरी त्यासाठी दिली. चेहरा पाहिला.