एकाच नेमाच्या सहा चिठ्ठ्या

लोणावळे,
४ जानेवारी १९३१

ती. हौशीरामदादा यांस सोपानाचा नमस्कार.

वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही ख्रिस्तमंदिरात उभे राहून प्रभूशी केलेला करार नवा करतो. मग जो तो एक नेम चिठ्ठीवर लिहून आपल्या पवित्र शास्त्रात ठेवतो. कोणी तपकीर सोडतो, कोणी चहाडी. संक्रांतीपर्यंत दोन्ही परत येतात.

आज सकाळी माझ्या शास्त्रातून सहा वर्षांच्या सहा चिठ्ठ्या पडल्या. सगळ्यांवर एकच नेम: "दादाला क्षमा करीन."

सगुणेने त्या वेचल्या. म्हणाली, "अहो, बापाला अग्नी त्यांनी दिला, घरात बसून राहिलात तुम्ही. आणि क्षमा कसली करताय?"

बायकोचे खरे ठरले की मला चहा कडू लागतो. आबा गेले तेव्हा माझा बाप्तिस्मा नवा होता आणि तोरा त्याहून नवा. "मूर्तिपूजकांच्या विधीला येणार नाही," असा निरोप मी गावी, भाज्याला धाडला. तुमचा उलट निरोप आला, "तुजा देव बापाला खांदा बी देऊ देत न्हाई व्हय रं?" तो टोमणा मी सहा वर्षे जखमेसारखा मिरवला. देवाने मला अडवलेच नव्हते, दादा. मी त्याला विचारलेही नव्हते.

आज नवी चिठ्ठी लिहिली, "दादाची क्षमा मागेन," आणि सर्वांत मोठ्याने आमेन म्हटले.

हे पत्र टपालात टाकणार नाही. दुपारच्या गाडीने मळवलीला उतरून मीच येतो. दार लावलेत तर ओट्यावर बसेन. प्रभूने माझी सहा वर्षे वाट पाहिली. तुमच्या ओट्यावर एक संध्याकाळ मला जड नाही.

तुमचा धाकटा,
सोपान