जाऊबाईंनी काढलेली खोट

गुरुवार, संध्याकाळ

प्रिय धाकट्या जाऊबाई,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंचा गुडघा आता कुरकुर कमी करतो, त्या स्वतः मात्र तेवढीच करतात. माझी लेक रोज विचारते, काकू कधी येणार. तू आणि भाऊजी मजेत असाल. नव्या घरातला नळ अजून गळतो का?

कागदावर पत्र आलं म्हणून हसू नकोस. आमचं ऑफिस बनवतं त्या ई-मेलच्या प्रोग्रामला भोक आहे हे तूच तिथे कळवलंस, आणि ते बुजेपर्यंत माझा माझ्याच प्रोग्रामवर भरवसा नाही. फोनवर हे सगळं मला बोलता आलं नसतं. भाऊजी सासूबाईंची औषधं घेऊन आत्ता येतीलच, त्यांच्याच हाती देते. सोबत पेनड्राइव्ह आहे. तो कशाला, ते पुढे सांगते.

आधी भांडून घेते. मागच्याच्या मागच्या रविवारी तू आमच्याकडे जेवायला होतीस. माझ्या शेजारी बसलीस, लेकीची वेणी घातलीस, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. सोमवारी ऑफिसात गेले तर साहेबांच्या टेबलावर तुझा अहवाल, खाली आपलं आडनाव. साहेब म्हणाले, "तुमच्या नात्यातल्या का?" मी म्हटलं, "धाकटी जाऊ." तर म्हणतात, "हुशार आहेत हो." तो "हो" माझ्या कानात अजून वाजतोय.

प्रोग्राममधली भोकं शोधायच्या तुमच्या धंद्याचा नियम मला ठाऊक आहे. भोक सापडलं की ते ठरलेल्या पत्त्यावरच कळवायचं, घरी नाही, जेवताना तर नाहीच. नियम बरोबर आहे. तरी मला राग आला. लेक पाळण्यात होती तेव्हापासून हा प्रोग्राम मी सांभाळतेय. तू या घरात आलीस काल, आणि पहिल्याच फटक्यात माझ्या पोरात खोट काढलीस.

घरी सांगणं भाग होतं, कारण मी उशिरा यायला लागले. सासूबाईंना असं समजावलं: समजा चोरानं तुमचं कुलूपबंद पत्र पळवलं. किल्ली त्याच्याकडे नाही. मग तो ते पत्र आपल्या साध्या पत्राच्या घडीत लपवून तुम्हालाच पाठवतो. आमचा प्रोग्राम भोळा. किल्ली तुमच्या घरचीच, म्हणून तो ते गुपचूप उघडून ठेवतो. तुम्ही "बरं, पोचलं" एवढंच उत्तर लिहिता, पण उत्तराखाली आधीचा मजकूर आपोआप जोडला जातो ना, त्यातून ते उघडलेलं पत्र चोराच्या हाती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हे तुला इतकी वर्षं दिसलं नाही?" वर म्हणाल्या, "धाकटीची नजर बारीक आहे." जावाजावा आणि उभा दावा म्हणतात ते खरं, पण तो दावा मांडून द्यायला सासूच लागते.

मी जळले गं. तुझं नवं घर, तुझा पगार, तुझे लांबसडक केस, यातलं काही मला कधी टोचलं नव्हतं. हे टोचलं.

दुरुस्ती मी चार दिवसांत केली. दुसऱ्याच्या पत्रात लपून काही कुलूपबंद आलं असेल, तर आता उत्तर देताना प्रोग्राम त्याला हातच लावत नाही. रीत अशी की, दुरुस्ती बाहेर जाण्याआधी भोक शोधणाऱ्याला दाखवायची, आणि त्यानं ती पुन्हा फोडून बघायची. परवा मंगळवारी साहेबांनी विचारलं, "जाऊबाईंनी तपासलं ना?"

मी "हो" म्हटलं.

तुला दाखवलं कुठे होतं? "बघा बाई, जमलंय का" म्हणत तुझ्यापुढे उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. एवढंच कारण, दुसरं शोधू नकोस.

आज दुपारी आमच्या चाचणी विभागातल्या चष्मेवाल्यानं रिप्लायऐवजी चुकून फॉरवर्ड दाबलं, आणि कुलूपबंद पत्र सगळं उघडं पडलं. एक दार मी बंद केलं होतं, शेजारचं सताड उघडं. त्याच्यासमोर मी हसले, "बरं झालं, आत्ताच कळलं" म्हणाले, आणि मग जिन्यात जाऊन रडले. तेही दार आता बंद केलंय. पण तिसरं आहे की नाही, हे मला सांगता येत नाही.

आमची एक जुनी ग्राहक आहे, वकीलबाई. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांच्या केसेस लढते. त्या बायका सध्या कुठे राहतात ते पत्ते तिच्या कुलूपबंद ई-मेलमध्ये असतात, आणि ती दिवसभर अनोळखी लोकांना उत्तरं लिहीत असते. शनिवारी अपडेट बाहेर पडेल. भोक काय होतं हेही त्याच दिवशी सगळ्यांना कळेल. तिसरं दार राहिलं असेल, तर ज्याच्यापासून पळाली त्याच्याच हाती एखादीचा पत्ता पडेल.

ओळ न् ओळ मी लिहिलीय, म्हणूनच मला ते दिसत नाही. तुला दिसेल. हेच तर झोंबतं.

पेनड्राइव्हवर दुरुस्ती आहे. उद्याचा दिवस तुझ्या हातात आहे. ठोक, आपट, मोड, माझी गय करू नकोस. उद्या सकाळी मी साहेबांना सांगणार आहे की मंगळवारचं "हो" खोटं होतं. प्रोग्राम माझ्याकडून काढून घेतील कदाचित. तुलाच तर देणार नाहीत ना, हे आत्ता लिहितानासुद्धा मनात आलं. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय.

अपडेटसोबतच्या आभाराच्या ओळीत तुझं नाव घातलंय, पूर्ण. करणारी मी, खोट काढणारी तू, आडनाव एक. लोकांना वाटेल, काय गोडीनं नांदतात दोघी.

सासूबाईंना त्या खोट्या "हो"चं आणि दुसऱ्या दाराचं काही कळू देऊ नकोस.

तिसरं दार नसावं, असं अगदी मनापासून वाटतं. पण असलंच, तर दुसऱ्या कुणाच्या आधी ते तुला सापडू दे. मग मी आयुष्यभर खुशाल जळत बसेन.

उद्या तुझ्या फोनची वाट बघणारी,
तुझी थोरली जाऊ