तळघरात लिफ्ट बरोबर थांबू नये म्हणून

प्रति,
मा. विलीनीकरण अधिकारी,
सामाईक कंपायलर विभाग, दुसरा मजला.

विषय: अर्जदाराने स्वतः सुचवलेला आणि स्वतःच हेलपाटे घालून मंजूर करून घेतलेला बदल कृपया नामंजूर करण्याबाबत.

संदर्भ: आपले कालचे अभिनंदनपत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, अर्जदार आपल्याच विभागात, तिसऱ्या मजल्यावर, कंपायलरच्या दुरुस्तीचे काम करतो. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा आपला कंपायलर एकच असला, तरी तो सहा प्रोग्रामिंग भाषांची चाकरी करतो. एकीसाठी केलेली दुरुस्ती दुसरीच्या मुळावर येऊ नये, म्हणून कोणताही बदल सहाही भाषांच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाल्याखेरीज मुख्य कंपायलरमध्ये घेऊ नये, असा आपला नियम आहे. नियम उत्तम आहे. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही. असती तर तीही सहा ठिकाणी तपासावी लागली असती.

२. अर्जदाराचे वडील खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर घेऊन चालतात. त्यांचे व्यायामोपचार रुग्णालयाच्या तळघरात होतात. तेथील लिफ्ट इतर सर्व मजल्यांवर शहाण्यासारखी थांबते, तळघरात मात्र ती जमिनीपासून चार बोटे वरच थांबत असे. धडधाकट माणसाच्या हे ध्यानातही येत नसे. वडील पहिल्याच दिवशी तिथे धडपडले. त्यानंतर दार उघडले की ते खाली बघत, दार मिटेपर्यंत बघतच राहत आणि व्यायाम न करता वर येत. "पाय कामातून गेला रे माझा," एवढेच म्हणत. लिफ्टच्या मेस्त्रीने सगळे तपासून हात झटकले: "माझ्या बाजूनं काही नाही. आतल्या प्रोग्रामला विचारा." अर्जदाराने विचारले, तेव्हा दोष आपल्याच कंपायलरचा निघाला. शून्याखालच्या संख्येला भागताना तो उत्तर खाली नेण्याऐवजी शून्याकडे, म्हणजे वर, ओढत होता, आणि तळघर शून्याखाली येते. दुरुस्ती एका ओळीची होती.

३. ही एक ओळ घेऊन अर्जदाराने सहा टेबलांचे उंबरठे झिजवले. शास्त्रज्ञांच्या भाषेचे प्रमुख म्हणाले, "आमच्याकडे सगळंच अपूर्णांकात, आम्हाला कशाला विचारता?" आणि न विचारल्याबद्दल नंतर रागावले. हिशेबाच्या भाषेच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे शून्याखालीच जास्त असतं, सावकाश बघावं लागेल." त्यांनी सावकाश बघितले. तोवर खेळांच्या भाषेने आपल्या चाचण्या बदलल्या, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात झाली. सर्वांत जुन्या भाषेचे रखवालदार, ज्यांना सगळा विभाग अण्णा म्हणतो, त्यांच्या चाचणीत तर बदल साफ नापास झाला. कारण त्या चाचणीचे अपेक्षित उत्तर कोणी मांडून काढलेलेच नव्हते. कंपायलरने पूर्वी जे उत्तर दिले तेच बरोबर म्हणून लिहून ठेवले होते. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासायची, त्यातला हा प्रकार. अर्जदाराने हे नम्रपणे निदर्शनास आणले. अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं हेच उत्तर येतंय. इतकी वर्षं येणारं उत्तर चूक कसं असेल?" अर्जदाराने तो भागाकार एका कागदावर मांडून त्यांच्या टेबलावर ठेवला.

४. शेवटी नाकापेक्षा मोती जड झाला. कंपायलर लिफ्टला खाली आणत नाही, तर जमिनीनेच वर यावे, असा विचार करून अर्जदाराने रुग्णालयाच्या व्यवस्थापकांचे पाय धरले आणि लिफ्टसमोरची फरशी चार बोटे उचलून घेतली. गवंड्याने ती पूर्वीच्याच रंगाची, पुढे हळूहळू उतरत जाणारी अशी बेमालूम बसवली. माप अर्जदारानेच दिले होते. आपल्या पेशात याला तात्पुरता उपाय म्हणतात. गवंडी त्याला पक्के काम म्हणतो.

५. फरशी सुकली आणि अण्णांचे मन वळले. अर्जदाराचा कागद त्यांनी घरी नेऊन स्वतः मांडून पाहिला होता. अपेक्षित उत्तर त्यांनी स्वहस्ते दुरुस्त केले. सहाही भाषा उत्तीर्ण झाल्या आणि आपले अभिनंदनपत्र आले. येत्या सोमवारी बदल विलीन होईल आणि त्याच दिवशी रुग्णालयाची लिफ्ट नवा कंपायलर आपोआप घेईल. म्हणजे ती जुन्या जमिनीवर अगदी बरोबर थांबेल, नव्या फरशीच्या चार बोटे खाली. एकाच दुखण्यावर दोन वैद्यांनी औषध दिले आणि दोन्ही वैद्य अर्जदारच.

६. बदल मागे घेण्याची चौकशी अर्जदाराने केली आहे. मागे घेणे हाही एक बदलच असल्याने तो सहाही भाषांत तपासावा लागतो, आणि अण्णांच्या चाचणीत तो आता नापास होतो. अण्णा म्हणाले, "आत्ता कुठे उत्तर बरोबर आलंय, ते परत चुकवू म्हणतोस?" अर्जदार गवंड्याकडेही जाऊन आला. तो म्हणाला, "छिन्नी लावतो, पण सोमवारच्या आत जमायचं नाही, आणि पुन्हा वर घ्या म्हणालात तर दुसरा माणूस बघा."

७. अर्जदाराने फरशीचे वडिलांना सांगितलेले नाही. गेल्या आठवड्यात दार उघडले, त्यांनी खाली बघितले, वॉकर पुढे टाकला आणि कोणाचा हात न धरता ते बाहेर पडले. पाय बरा झाला असे ते आल्यागेल्याला सांगतात. जिन्यात भेटेल त्या शेजाऱ्याला चालून दाखवतात. अर्जदाराने त्यांना इतके आनंदात कधी पाहिले नव्हते, आणि खरे सांगण्याची त्याची छाती झाली नाही. सोमवारी पुढे चार बोटांची पायरी दिसली की ते लिफ्टला दोष देणार नाहीत, फरशीलाही देणार नाहीत. कंपायलर नावाची वस्तू जगात आहे हे त्यांना माहीत नाही. ते पुन्हा आपल्या पायालाच दोष देतील.

८. तरी अर्जदाराचे म्हणणे बरोबर असूनही ते फेटाळण्यात यावे, ही विनंती. नियमाने ते शक्य नसल्यास अर्जदारास सोमवारी सकाळची सुट्टी मंजूर व्हावी. लिफ्टचे दार उघडेल तेव्हा त्याला बाहेर उभे राहायचे आहे.

आपला नम्र आणि बरोबर ठरलेला,
(सही)
अर्जदार, कंपायलर दुरुस्ती, तिसरा मजला
दिनांक: शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत: आपले अभिनंदनपत्र, मूळ प्रत, परत.