उजेडात धरलेली पाकिटे

मी, दाक्षायणी महादेवप्पा कलशेट्टी, वय एकोणसाठ, निवृत्त स्टाफ नर्स, राहणार साखर पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मन मात्र जागेवर नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना मी तीनदा उठून अंगणात जाऊन आले. अक्षर कुठे वाकडे दिसले तर कारण एवढेच समजावे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

१. साखर पेठेतील माझ्या दोन खोल्या स्वकमाईच्या आहेत. त्या माझा धाकटा भाऊ चन्नवीर, राहणार मैंदर्गी, यास द्याव्यात. मी विधवा होऊन माहेरी आले आणि नर्सिंग शिकायला जाते म्हणाले, तेव्हा सारी भावकी तोंडाला येईल ते बोलली. हा एकटा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन दुधनी स्टेशनापर्यंत चालत आला. पुढचे वाचून त्याला हे घर नकोसे झाले तरी हक्क त्याचाच राहील. त्याने ते विकावे, पाडावे, काहीही करावे.

२. माझे सेकंदकाट्याचे घड्याळ वॉर्डातल्या आया बजाबाई यांना द्यायचे होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे कळले, म्हणून ते आजच त्यांच्या हातावर बांधले. त्यांना वेळ वाचता येत नाही. नाडी मोजता येते.

३. लोखंडी कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. ती डॉ. हिंदुराव घाडगे, हल्ली मुक्काम अकलूज, यांना द्यावी. का, ते लिहिणे भाग आहे.

सन १९६९ ते ७१ मी शहरातील एका रुग्णालयात धनुर्वाताच्या वॉर्डावर होते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, दोष त्याचा नाही. खिडक्यांना काळे पडदे, रोग्यांच्या कानात कापूस. भांडे पडले तरी रोगी धनुष्यासारखा ताणला जाई. निम्मे रोगी हाती लागत नसत. डॉ. घाडगे तेव्हा तरुण होते. त्यांनी एक नवे इंजेक्शन तपासायला घेतले. रोगी ऐंशी: चाळिसांना जुने उपचार, चाळिसांना जुन्यासोबत नवे. कोणाला काय, ते त्यांनी आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि क्रमांक घातलेल्या बंद पाकिटांत ठेवले. रोगी आला की पुढचे पाकीट मी फोडायचे.

मी विचारले, "डॉक्टरसाहेब, जो जास्त आजारी त्याला नवे द्यावे की. चिठ्ठी कशाला?"

ते म्हणाले, "सिस्टर, आपण निवडायला लागलो की औषध कळत नाही, आपली निवडच कळते. दोन्हीकडे सारखीच माणसं यायला हवीत. दया करायची ती पाकीट फोडल्यावर."

मला पटले होते. मग जोतीराम आला. दुधनीकडचा शेतकरी, टाचेत खिळा गेलेला, दात घट्ट आवळलेले. त्याची बायको सोजरबाई माझ्या पायाशी बसली. "बाई, ती नवी सुई द्या की वो माज्या मानसाला. लई लांबनं आलोय."

पुढचे पाकीट मी खिडकीच्या उजेडात धरले. आतले अक्षर दिसत होते: जुने. सुया उकळण्याच्या भांड्यावर वाफ निघत होती. पाकिटाचा गोंद वाफेवर सुटला. पुढच्या एका पाकिटात नवे होते. मी चिठ्ठ्या बदलल्या आणि पाकिटे पुन्हा चिकटवली. जोतीरामला नवे मिळाले. चौथ्या दिवशी तो गेला. सोजरबाई जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाली, "तुमी लई केलंत, बाई."

एकदा हात धजावला की धजावतोच. असे मी नऊ वेळा केले. अत्यवस्थ नऊ जण नव्या बाजूला गेले. त्यांतले सहा दगावले. त्यांच्या वाट्याची जुनी पाकिटे हलक्या आजाराच्या नऊ जणांकडे गेली. त्यांना जुनेच पुरेल असे मला वाटे. आठांना पुरले. नववा रामहरी, हातमाग चालवणारा, हसत वॉर्डात आला होता. नवे इंजेक्शन त्याच्या नशिबी आले होते. ते मी काढून घेतले, आणि तो गेला. त्याच्या घरचे कोणी मला ओळखतही नाही. सर्व अठरा जणांची नावे वहीत आहेत.

शेवटी हिशेब झाला. जुन्या बाजूला मृत्यू वीस, नव्या बाजूला सोळा. डॉक्टरांनी आकडेमोड करून पेन्सिल खाली ठेवली. "औषधात काहीच दम नसला, तरी नुसत्या योगायोगानं एवढा फरक शंभरात सदतीस वेळा पडेल, सिस्टर. तो आकडा पाचाच्या खाली असता तर बोलता आलं असतं. हे काहीच नाही." निबंध वैद्यकीय मासिकात छापून आला. इंजेक्शन मागवणे बंद झाले. डॉक्टर नोकरी सोडून अकलूजला दवाखाना घालून बसले. मी गप्प राहिले.

४. तेव्हाच्या स्टोअरकीपरवर माझा राग होता, तो या कलमाने मी सोडून देते. डॉक्टरांनी जाड खाकी पाकिटे मागितली असता त्याने पातळ पांढरी दिली, म्हणून सात वर्षे मी मनात त्याला बोल लावत आले. पाकिटे पातळ होती. उजेडात मी धरली.

५. हेमावती ही चन्नवीरची मुलगी. १९७४ साली ती एकोणीस वर्षांची होती, डी.एड.चे शेवटचे वर्ष. गोठ्यावरच्या गंजक्या पत्र्याने तिचा पाय कापला. आठवड्याने चन्नवीर तिला माझ्याच वॉर्डात घेऊन आला. "अक्का, आता तू आहेस," असे म्हणून तो बाहेर बाकावर निर्धास्त बसला. मी नव्या डॉक्टरांना त्या इंजेक्शनचे नाव सांगितले. ते म्हणाले, "त्याचा उपयोग होत नाही, सिस्टर. तुमच्याच वॉर्डात सिद्ध झालंय ना?" सहाव्या दिवशी ती गेली. चन्नवीरने मला एका शब्दाने विचारले नाही. उलट दर संक्रांतीला तो मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवतो. ती मी न खाता शेजारी वाटून टाकते.

६. गेल्या महिन्यात मी अकलूजला गेले. डॉ. घाडग्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले आणि नंबर आल्यावर सगळे सांगितले. ते ओरडतील असे वाटले होते. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे ओढली. मग म्हणाले, "कोणत्या क्रमांकाचे पेशंट?" मी वही उघडली. ते अठरा वगळून त्यांनी तिथेच गणित मांडले. दोन्ही बाजूंना एकतीस-एकतीस; जुन्यात मृत्यू एकोणीस, नव्यात दहा. योगायोगाने एवढा फरक शंभरात दोन वेळा.

मी म्हणाले, "म्हणजे औषध चांगलं होतं."

"नाही. म्हणजे आपल्याला माहीत नाही. आता ही माणसं वगळली, ती पुन्हा आपणच निवडून वगळली. हा पुरावा नाही, शंका आहे. पण नीट नवा अभ्यास करावा एवढी मोठी शंका आहे. मासिकाला पत्र लिहू. तुमची सही लागेल."

"माझ्या माघारी छापा, डॉक्टरसाहेब."

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "तुम्ही जाईपर्यंत धनुर्वात थांबणार आहे का?"

मी सही न करता परत आले. तीन आठवडे घरात येरझाऱ्या घातल्या. पत्रावर काल सही केली आणि आज सकाळी ते रजिस्टर टपालाने अकलूजला पाठवले. पोचपावती वहीत ठेवावी.

७. पोस्टातील शिल्लक मैंदर्गी आणि आसपासच्या गावांत धनुर्वात-प्रतिबंधक लस टोचण्यासाठी खर्च करावी. ती लस काम करते याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. माझे दफन आमच्या लिंगायत रीतीने करावे, जंगमांना बोलवावे. भाषणे नकोत, फोटो नको. कोणी दयाळू होती म्हणू लागले तर त्याला कलम तीन वाचून दाखवावे.

८. चन्नवीरला हे सारे माझ्या मृत्यूनंतर वाचायला मिळावे, असे मी या ठिकाणी लिहिले होते. साक्षीदारांना वाचून दाखवताना बजाबाई मध्येच म्हणाल्या, "मेल्यावर कशाला वो, शिस्टर? जित्तेपनी सांगा की. त्यो इचारंल, तुमी उत्तर द्या. मेलेल्या मानसाला कोन इचारनार?"

मेलेल्याला कोणी विचारत नाही, म्हणूनच मी तसे लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

उद्या सकाळच्या एस.टी.ने मी मैंदर्गीस जात आहे. तो विचारील, "अक्का, पोरगी वाचली असती का?" मला ठाऊक नाही, एवढेच खरे उत्तर माझ्यापाशी आहे. ते मी त्याच्यासमोर बसून देईन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि साक्षीदारांच्या देखत त्याखाली सही केली.

दाक्षायणी महादेवप्पा कलशेट्टी

साक्षीदार:
(१) बसवराज शिवलिंगप्पा हत्तुरे, प्राथमिक शिक्षक, साखर पेठ — सही
(२) बजाबाई तुकाराम गवळी, आया — डाव्या अंगठ्याचा ठसा

सोलापूर, मंगळवार, दिनांक १४ नोव्हेंबर १९७८