खालच्या डोहातली कपार

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसाय गळकाठ्या आणि रिळे दुरुस्त करणे, राहणार नदीकाठच्या शेवटच्या घरात, माझ्यामागे कशाचे काय व्हावे हे माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी एकटी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे आणि तो सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आत्या समोर बसून वाटाणे सोलते आहे आणि मधूनमधून "खाडाखोड करू नकोस" म्हणते आहे. तो दबाव नव्हे, तिची सवय आहे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या माणसाला मी सहसा मृत्युपत्र करा असं सांगत नाही."

मी म्हटले, "मग नका सांगू."

त्या माझे कागद फाइलीत घालत म्हणाल्या, "करून ठेवा."

कलम एक. या घरातील माझा अर्धा हिस्सा आत्याला द्यावा. उरलेला अर्धा दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, आधीपासूनच आहे, म्हणून त्याला घरातले आणखी काही देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. रागाने लिहिलेला कागद मी काल फाडून टाकला. आत्याची झोपायची खोली खालीच राहू द्यावी. जिन्याला कठडा लावतो असे दादा बाबा गेल्यापासून म्हणतो आहे, आणि अजून म्हणतोच आहे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल, त्यातून रुग्णालयाचे देऊन उरेल ते आत्याच्या डोळ्यांसाठी वापरावे. काहीच उरले नाही तर हे कलम वाचून दाखवू नये. तिला उगाच वाईट वाटेल.

कलम तीन. आमच्या गळकाठ्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतील हत्यारे. पटाशी आणि लहान हातोडी होड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना द्यायची होती, पण ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकीलबाईंनी बजावले आहे. मिस्त्रींना विचारले, हत्यारे हवीत की सही करता? ते म्हणाले, "सही करतो. पटाशी तशीही माझीच आहे, तू नेलीस ती परत कुठे दिलीस?" हे खरे आहे. पटाशी त्यांना आजच परत केली.

बाबांची पक्कड मात्र आत्याला द्यावी, कारण माझी शाळा त्या पकडीपासून सुरू झाली. आमच्या घरापासून खरी शाळा लांब होती आणि पुराच्या महिन्यांत रस्ता पाण्याखाली जायचा, म्हणून पहिली काही वर्षे आत्यानेच मला शिकवले. अक्षरे मी गळांच्या डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर गिरवली. बेरीज-वजाबाकी माशांच्या लांबीवर. दुपारी बाबा नव्या गळांचा डबा पुढ्यात ओतायचे आणि मी एकेका गळाचा उलटा काटा पकडीने ठेचून सपाट करायची. उलटा काटा नसला की गळ जसा शिरतो तसा निघतो, माशाचे तोंड फाटत नाही. एखादा राहिला तर? या भीतीने मी सगळे गळ पुन्हा एकदा बोटाने चाचपून बघायची. बाबा मला काळजीबाई म्हणायचे. "ए काळजीबाई, नदीला जाऊ दे ना आता!"

मासा तोलायची झोळीही आत्याचीच, तिनेच ती जाड कापडाची शिवली. मोठा मिशाळ मासा, माणसाएवढ्या लांबीचा, पाण्याबाहेर जबड्याने उभा टांगला की त्याचेच वजन त्याला आतून फाडते. बाहेरून काही दिसत नाही. तो शेपटी हलवत जातो, लोक टाळ्या वाजवतात, आणि पुढे कुठेतरी खाली बसतो तो बसतोच. म्हणून ओली झोळी, आडवा मासा, आणि वजन झाले की लगेच पाण्यात. तिथे त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरून उभे राहायचे. बाबा म्हणायचे, "आपण सोडायचं नाही. तो जातो. आपण फक्त थांबायचं." दादाने झोळी मागितली तर आत्याने जरूर द्यावी, पण आधी वापरून दाखव म्हणावे.

होडी कोणालाही देऊ नये. तिचा तळ गेला आहे. ती देणे म्हणजे एखाद्याला बुडवणे.

कलम चार. दुकानातील मोठ्या फोटोबाबत. फोटो दादाचा आहे, त्यावर माझा हक्क नाही. पण तो लोकांना काय सांगतो याबद्दल मला लिहायचे आहे, आणि वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात मत लिहायला बंदी नाही.

फोटोत दादा आणि त्याने पैसे घेऊन मासे धरायला नेलेले एक गिऱ्हाईक वरच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत. दोघांच्या हातांवर जो मासा आहे, तेवढा मोठा त्याआधी कोणी धरला नव्हता आणि नंतरही नाही. मासा नीट आडवा धरला आहे, गळ ठेचलेला होता, आणि फोटो झाल्यावर तो परत सोडला. दादाने यात काहीही खोटे केले नाही. उलट त्या दिवशी गिऱ्हाईक कुडकुडत बाहेर गेल्यावरही दादा एकटा पाण्यात माशाला धरून उभा होता. मी काठावरून बघितले आहे. हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

पण तो मासा राखण्या होता. आमच्या घरात राखण्या म्हणजे अंडी राखणारा नर. मादी कपारीत अंडी घालून निघून जाते आणि नर त्यांच्यापुढे बसून राहतो, खात नाही, हलत नाही, आणि जे जवळ येईल त्याला चावतो. त्याला भूक नसते. तुमचा गळ तो खायला घेत नाही, हाकलायला घेतो. म्हणूनच मोठा मासा धरायला त्या दिवसांइतके सोपे काही नसते, आणि म्हणूनच बाबा त्या दिवसांत दुकानाला कुलूप लावायचे. तुम्ही राखण्याला ओढून काढता, फोटो काढता, मायेने परत सोडता. तेवढ्यात बारक्या माशांनी कपार साफ केलेली असते. फोटोतला मासा जिवंत गेला. त्याच्या मागची सगळी पिढी गेली.

दादाला हे ठाऊक होते. मी विचारले, "तुला माहीत नव्हतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. नदी खात्याने बोर्ड नाही का लावला?"

हे दुर्दैवाने खरे आहे. नदी खात्यातल्या बाई मन लावून काम करणाऱ्या. त्यांनी वरच्या डोहाचा नकाशा केला, आणि काठावर बोर्ड उभा राहिला: येथे मोठे मिशाळ मासे अंडी घालतात, मासेमारी बंद. त्याआधी ती जागा चार माणसांना ठाऊक होती. बोर्डानंतर लांबून गाड्या येऊ लागल्या.

"मी नसतो नेलं तर दुसऱ्याने नेलं असतं. निदान मी परत तरी सोडला."

"कशात सोडलास? रिकाम्या कपारीत?"

"तू ना, मासा मेला तरी रडतेस, जगला तरी रडतेस."

त्यानंतर वरच्या डोहात राखण्या बसलेला कोणी पाहिलेला नाही. बोर्ड अजून आहे. रंग उडाल्यावर खात्याने तो नव्याने रंगवला.

फोटो खाली उतरवा असे माझे म्हणणे नाही. त्याच्याखाली एक ओळ लिहावी: हा आपली अंडी राखत होता.

कलम पाच. या कलमात मी ज्यांना माफ करते त्यांची नावे होती. आत्या म्हणाली, "माफ करायचं असेल तर तोंडावर कर, कागदावर कसली मिजास?" म्हणून कलम पाच काढून टाकले आहे. आकडे बदलले तर गोंधळ होईल, म्हणून जागा रिकामी ठेवली आहे.

कलम सहा. खालच्या डोहातील कपार.

ही कपार माझ्या मालकीची नाही. नदी कोणाच्या नावावर होत नाही हे वकीलबाईंनी दोनदा समजावले. मी देते आहे ती फक्त जागेची माहिती, जी आज माझ्याशिवाय कोणालाच नाही.

ती मला कशी मिळाली ते सांगते. दादा लहान असताना बाबांनी त्याला वरच्या डोहात नेले आणि रिकामा हात कपारीत घालायला सांगितले. राखण्या चावतो, पण त्याचे दात म्हणजे खरखरीत कागद, हात सोलवटतो, तुटत नाही. बाबांना वाटे, ज्याला राखण्या एकदा चावला तो पुन्हा त्याच्यापुढे गळ टाकणार नाही. दादाने हात घातला नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते आणि बाबांनी ते कधी काढलेही नाही. पण दादाने त्याबद्दल स्वतःला अजून माफ केलेले नाही, असे मला वाटते. पुढे माझा नंबर आला. मी घाबरून रडत होते, पण सांगितलेले न करण्याची मला त्याहून जास्त भीती वाटली, म्हणून हात घातला. मनगटाची साल निघाली. त्यानंतर बाबांनी मला खालच्या डोहातली कपार दाखवली. दादाला दाखवली नाही.

आता अडचण अशी आहे. नदी खाते खालच्या काठाला काँक्रीटची भिंत घालणार आहे. पाणी उतरले की काम सुरू होईल, लाल रंगाच्या खुणा झाल्या आहेत आणि त्यांतली एक कपारीच्या बरोबर डोक्यावर आहे. भिंत थोडी सरकवायची तर मासे इथे अंडी घालतात हे सिद्ध करून द्यावे लागते, म्हणजे नकाशा, म्हणजे बोर्ड, म्हणजे गाड्या. सांगितले तर गळ, न सांगितले तर काँक्रीट. मी वर्षभर रोज दोन्ही बाजू लिहून बघितल्या, जसे आत्याने शिकवले होते. दोन्ही बाजूंची बेरीज एकच येते.

ही जागा मी दादाला देत आहे.

आत्याने वाटाणे सोलायचे थांबवले. "त्याला? अगं, उद्याच्या उद्या गिऱ्हाईक घेऊन जाईल."

"जाईल कदाचित."

"मग?"

"मग कोणाला देऊ? तुला धड दिसत नाही. खात्याला दिली की बोर्ड. दुसरं कोण आहे?"

तिने पुढची शेंग उचलली. दुसरे कोणी असते तर तिने सांगितले असते. मला दादावर भरवसा आहे म्हणून मी हे करत नाही. तो गिऱ्हाईक गेल्यावरही पाण्यात उभा राहिला होता, एवढेच माझ्याकडे आहे. ठिकाण इथे लिहीत नाही. उद्या सकाळी त्याला घेऊन जाईन आणि हाताने दाखवीन. सध्या राखण्या बसायचेच दिवस आहेत. पाणी कोमट झाले आहे. हात घालायची अट मी घालत नाही.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली.

आज सकाळी दादाला घेऊन गेले. तो गळकाठी न घेता आला, हे मी सांगितले नव्हते. मला पाण्यात उतरायची मनाई आहे, म्हणून मी काठावर बसून सांगत होते. डावीकडे. मुळाच्या खाली. अजून खाली. तो गळ्यापर्यंत पाण्यात होता. एकदा त्याने माझ्याकडे बघितले, आणि मी काही म्हणायच्या आत हात कपारीत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"चावला?" मी विचारले.

"नाही."

"आत सरक. कोपऱ्यात बसतो तो."

"सगळीकडे बघितलं. गाळ आहे नुसता."

गेल्या वर्षीही कपार रिकामी होती, त्याच्या आदल्या वर्षीही. ते मी पाणी गार असल्यावर ढकलले होते. या वर्षी पाणी गार नव्हते. आता ढकलायला काही उरले नाही.

मी दादाला वर ये म्हटले. तो आला नाही. हात आत ठेवून तसाच उभा राहिला, प्रवाहाकडे तोंड करून. तेवढ्या वेळाने कोमट पाण्यातही त्याचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा मी पुन्हा म्हटले, "काढ आता."

"थांब जरा," तो म्हणाला.

शेवटी तो बाहेर आला. त्याच्या हातावर साधा ओरखडाही नव्हता, आणि तो सारखा हात उलटून-पालटून बघत होता. आम्ही घरी आलो. दारात त्याने विचारले, "त्या भिंतीचं काय करायचं?"

"ते तू ठरवायचं. तुला दिलंय."

"काय दिलंयस? रिकामं भोक."

"हो."

दुपारी डॉक्टरीणबाई आणि मिस्त्री सह्या करायला आले, तेव्हा दादाही टेबलाशी आला आणि पेन मागू लागला. म्हणाला, "घर आत्याला, पक्कड आत्याला, झोळी आत्याला. मला काहीच मिळालेलं नाही. मग मी साक्षीदार व्हायला काय हरकत आहे?"

मी याचा नीट विचार केला. कपारीत मासा नाही. पुढच्या वर्षी असेल असे मानायला माझ्याकडे काहीही आधार नाही. भिंत होईल, आणि गुरुवारनंतर मी तिथे बघायला असेन की नाही तेही ठाऊक नाही. तरी कलम सहा मी रद्द करत नाही, त्यात बदलही करत नाही. म्हणून मी त्याला पेन दिले नाही.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार: (सही) होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री

ठिकाण: स्वयंपाकघरातील टेबल. दिनांक: नऊ मे.

दादा सह्या होत असताना हजर होता. त्याची सही खाली नाही, कारण तो वारस आहे.