कमरेवरची नागीण

लालबाग
११ फेब्रुवारी २०२५

ती. सुचित्राताईंना राधाचा नमस्कार.

पत्र बघून हसाल. पण आमच्या एका खोलीत फोनवर बोललं की आईंना सगळं ऐकू जातं. खुबा मोडल्यापासून त्यांचे पाय चालत नाहीत, कान मात्र शाबूत आहेत. राजेश शिवडीच्या गोदामातून परस्पर तुमच्याकडे अँटॉप हिलला येईल, त्याच्याकडे हे देते आहे.

आई बऱ्या आहेत. पाठीची जखम भरली. मी त्यांची कूस वेळच्या वेळी बदलते. काल ओल्या हळदीचं लोणचं मागून घेतलं, म्हणजे तोंडाला चव आली. श्रेयाची परीक्षा जवळ आलीय, ती शेजारी कमळाबाईंकडे अभ्यासाला बसते.

माझ्या कमरेवर पुरळ उठलं होतं. आईंना उचलताना साडी घासत असेल म्हणून मी पावडर लावत राहिले. मग फोड आले, आग व्हायला लागली. कमळाबाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ही नागीण गो! तोंड नि शेपूट टेकली की माणूस वाचणा नाय." गेरू उगाळून लेप दिला.

हिंदमाताला आईंसाठी पुढून उघडणारे गाऊन आणायला गेले होते, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांकडे शिरले. काय त्रास होतो, त्यांनी विचारलं. मी सांगत गेले: झोप तुटक लागते, पोट साफ होत नाही, टाच लाल झालीय. ते म्हणाले, "पेशंटला आणलं नाहीत?" तेव्हा लक्षात आलं, मी आईंचंच सांगत होते. मग स्वतःचं काही आठवेना. शेवटी पदर बाजूला केला.

लहानपणच्या कांजिण्यांचा जंतू अंगात पडून असतो म्हणे, माणूस फार थकला की उठतो. प्रेशरही वाढलंय. गोळ्या दिल्या. महिनाभर वजन उचलायचं नाही म्हणाले. मी विचारलं, "सासूबाईंचं धरून?" त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आता एक सांगते, नवरा असून राजेशलाही सांगितलेलं नाही. नागिणीचं तोंड कुठवर सरकलं ते मी रोज आरशात बघत होते. घाबरून नाही. कमळाबाईंचं खरं निघालं तर बरंच होईल, सुटेन, असं वाटायचं. अर्ध्यावर थांबली तेव्हा मी हिरमुसले, ताई. पोटची पोर शेजारी अभ्यास करतेय आणि मी हिरमुसले! त्याची मला फार भीती वाटते.

आई वाईट नाहीत. तुम्हीही नाही. रोज संध्याकाळी न चुकता फोन करता, आई कशी आहे विचारता. मी "बऱ्या आहेत" म्हणते, तुम्ही फोन ठेवता.

मला बरं नाही एवढं राजेशने तुम्हाला कळवलंय. रविवारी सफरचंदं नि शहाळी घेऊन मला बघायला येणार आहात असं तो म्हणाला. तुमची माया मला कळते. आईंचे कपडे, औषधं, कुशीला लावायच्या उशा, सगळं बांधून दाराशी ठेवलंय. आईंना काल विचारलं. म्हणाल्या, "सुचित्राक इचार."

म्हणून विचारते आहे. मला बघायला येऊ नका. आईंना न्यायला या.

तुमची,
राधा