अर्ध्या मिनिटाची टेप

गुरुवार, ३ मार्च

लागली एकदाची नोकरी! आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं, मुलगी आता रेडिओवर. सध्या माझं काम कप विसळण्याचं आणि पाहुण्यांना जिना दाखवण्याचं, पण कार्यक्रम कुणाचा मिंधा नाही. चळवळी, नाटक-सिनेमा, गाणी, सगळं एका तासात.

स्टुडिओ म्हणजे चपलांच्या दुकानावरची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. यंत्रं सांभाळणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. त्यांची एक शिस्त आहे. पाहुणा येण्याआधी रिकाम्या खोलीची अर्धं मिनिट शांतता टेप करायची. मुलाखतीत कुठे कापाकापी झाली की ती भरायला उपयोगी पडते. टेप एकच, दर गुरुवारी जुन्या शांततेवर नवी. त्यासाठी लाल आणि काळं बटण एकदम दाबायचं, नुसतं ऐकायचं असेल तर फक्त काळं. मला पहिल्याच झटक्यात जमलं. काका म्हणाले, हात चांगला आहे.

आज माहितीपट काढणारी एक बाई आली होती. धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल बोलली, अधूनमधून खदखदून हसली, आणि जाताना छत्री विसरली.

गुरुवार, १० मार्च

नवी शांतता घेण्याआधी गंमत म्हणून जुनी ऐकली. आत त्या बाईचा आवाज! अगदी हळू, मी इथे आहे, पुसू नका. पण ती तर नंतर आली होती. काका म्हणाले, जुन्या टेपेत असलं काहीबाही राहतं, दाब बटण. मी दाबलं.

दुपारी छत्रीसाठी तिच्या घरी फोन केला. तिचा नवरा म्हणाला, माझं लग्नच झालेलं नाही. काकांना सांगायला गेले, तर ते विचारतात, कुठली बाई? छत्री कोपऱ्यात तशीच आहे.

आजचा पाहुणा कारखान्याच्या फाटकावर गाणारा गिटारवाला. छान गातो.

गुरुवार, १७ मार्च

टेपेत गिटारवाला होता. पुसू नका म्हणत होता. मी हात मागे घेतला, तर काकांनीच बटणं दाबली. कारखान्यात विचारलं. म्हणाले, आमच्यात गाणारा कुणी कधी नव्हताच. मला तरी आठवतो तो या वहीमुळेच.

आणि आजचा पाहुणा माझा धाकटा भाऊ. ग्रंथालय पाडू नये म्हणून तीन आठवडे पायऱ्यांवर बसलाय, मीच हौसेने बोलावला होता. तो गेल्यावर टेप ऐकली.

ताई, पुसू नकोस.

शुक्रवार, १८ मार्च

मशीनसकट टेप घरी आणली. शिवणाच्या डब्यामागे लपवली. धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने माझी यथेच्छ टिंगल केली आणि दोनदा वाढून घेतलं. मला रडू आलं. टेप पुसली नाही तर तो राहील. एवढंच तर करायचंय.

रविवार, २० मार्च

ग्रंथालयापाशी लाठ्या चालल्या. धाकटा फोन उचलेना. तो टेपेत आहे ना, तेवढं बघावं म्हणून मशीन काढलं. बटण दाबलं. वाट बघत बसले. आवाज येईना.

लाल आणि काळं. एकदम. हात चांगला आहे ना माझा —

मीच. माझ्याच हाताने.

सोमवार, २१ मार्च

आईने दोनच ताटं घेतली. धाकटा कुठे म्हटलं, तर माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, अगं, तू एकुलती एक.

दोरीवर त्याचा शर्ट वाळतोय. आई म्हणते, वाऱ्याने कुणाचा तरी उडून आला असेल.

बुधवार, २३ मार्च

वहीत जागोजागी ‘धाकटा’ लिहिलंय. अक्षर माझं. चेहरा आठवत नाही. काहीच —

टेप ऐकली. फक्त काळं बटण, दहादा बघून. आत आवाज माझाच होता.

गुरुवार, २४ मार्च

मी अंघोळीला गेले तेवढ्यात काका येऊन मशीन घेऊन गेले. आईनेच दिलं. म्हणे कामाची वस्तू घरी कशाला आणतेस.

फोन करतेय. स्टुडिओत रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की काका उचलत नाहीत. वाजतोय नुसता. स्टुडिओ तासाभरावर. पोचणार नाही.

आई, ही वही सापडली तर टाकू नकोस. तुला मुलगी होती. आणि यात लिहिलंय त्यावरून एक मुलगाही. तो दोनदा वाढून घ्यायचा. मी तुझी मोठी, माझं ना